फंग मंग-लुंगचा ‘शान-क’ संग्रह आणि लोकगीतांचे प्रामाण्य

चीनमधील राज्यकर्त्यांनी व पंडितांनी लोकगीतांची उपेक्षाच केली, असे म्हणता येणार नाही. हान सम्राटांचे संगीत-कार्यालय इ. स. पूर्व 7 मध्ये बंद झाले, तरी त्याचे ‘यूए-फू’ हे नाव एका काव्यप्रकारास कायमचे चिकटले. आणि ‘शी-चिंग’मधील 305 रचनांपैकी 160 रचना निरनिराळ्या राज्यांतील गीतेच होत. मात्र ही गीते अभ्यासकांपुढे येतात ती ग्रांथिक भाषेत आणि नीतिपर भाष्यांच्या आवरणात. बोलीतील गीत बोलीतच, मोठ्या प्रमाणावर टिपून ठेवण्याचे श्रेय मिंग राजवटीच्या अखेरीस झालेल्या फंग मंग-लुंग (1574-1646) यास द्यावे लागते.

फंग हा सूचौचा. राजकीय परीक्षांत त्यास यश लाभले नाही; साठी गाठल्यावर, 1634 मध्ये, तो फूचिएन प्रांतातील एका आडवळणी जिल्ह्याचा अधिकारी झाला. त्याची कीर्ती आहे ती प्रत्येकी 40 कथांच्या तीन संग्रहांमुळे. ‘शान-क’ या शब्दाचा अर्थ ‘डोंगरगाणी’. पण त्यातील बहुतेक गीते कालव्यांनी व्यापलेल्या सपाट प्रदेशातील आहेत! एकूण दहा भाग. पहिले नऊ सूचौच्या वू बोलीतील, दहावा थुंगछंग येथील गीतांचा.

प्रस्तावनेतील त्याचा युक्तिवाद मार्मिक आहे. कवी कीर्तीसाठी लिहितो, म्हणून कृत्रिमता येते. गाणाऱ्या शेतकऱ्याला कवींशी स्पर्धा करावयाची नसते, तेव्हा खोटेपणाचे कारणच उरत नाही. शृंगारगीतांच्या समर्थनार्थ तो खुद्द कन्फ्यूशिअसला साक्षीस आणतो. वू उच्चारांप्रमाणे यमक जुळत असेल तर त्यास राजमान्य यमककोशाची संमती नको, असेही तो टीपेत बजावतो.

तथापि फंगचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. एक गीत आपल्या मित्राने नुकतेच रचल्याचे तोच नमूद करतो आणि अशा सालस गृहस्थास ही कल्पना सुचावी याचे नवलही करतो. पुढील भागांतील दीर्घ गीतांत तर सुशिक्षिताचा हात स्पष्ट दिसतो. पुष्कळ गीते स्त्रीच्या तोंडची आहेत. म्हणून ती स्त्रियांचीच, असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. परंतु दहाव्या भागातील साध्या रुमालावरील गीत पाहावे. ‘रेशीम’ व ‘आठवण’ या शब्दांच्या उच्चारसाम्यावर ते उभे आहे, आणि हा श्लेष चौथ्या-पाचव्या शतकांतील दक्षिणी गीतांतही आढळतो. रचणारा कोणीही असो, घाट परंपरेचा आहे. आपल्या टीपांत फंगने हा संमिश्रपणा लपविला नाही, हेच त्याच्या संग्रहाचे खरे प्रामाण्य होय.

पुढे हा संग्रह दृष्टीआड झाला. 1934 मध्ये त्याची प्रत पुन्हा हाती आली व 1935 मध्ये तो छापला गेला. त्यास प्रस्तावना लिहिणाऱ्यांत कू चिए-कांग होते. तेही सूचौचेच, आणि आपल्या गावची वू गीते त्यांनी 1926 मध्येच प्रसिद्ध केली होती.