शब्दवेध : लेणे

लेणे म्हणजे दागिना, म्हणून डोंगराचा दागिना ते लेणे, ही व्युत्पत्ती गोड आहे. पण खरी नाही. नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी कोरवलेल्या लेखात त्याने आपल्या दानाला ‘लेण’च म्हटले आहे आणि सोबत ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, नोंदवली आहे. मूळ संस्कृत शब्द ‘लयन’, आसऱ्याची जागा. ‘नगर’चे ‘नयर’ होऊन संगमनेरातले ‘नेर’ झाले, तसेच ‘अय’चा ‘ए’ होऊन लयनाचे लेण झाले. लेण्यांच्या आतही भिक्षूंच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे, पिण्याचे पाणी: सगळा थाट मुक्कामाचा.

कुणी म्हणेल, कार्ल्याच्या नक्षीदार चैत्याचे काय? तिथल्या लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने त्याला ‘सेलघर’, शैलगृह म्हटले आहे. तिथेही घरच आहे, दागिना नाही. गुंफा निसर्गही घडवतो, लेणे मात्र माणसाने माणसासाठी खोदलेले असते. म्हणून फलकांवर, पाठ्यपुस्तकांत ‘गुंफा’ नको. दात्यांनी स्वतः कोरवलेला ‘लेणे’ हाच शब्द वापरू या.