चौसष्ट माणसांचा एक रुपया

शाळकरी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची स्पर्धा भरवावी, प्रश्न काढण्यापासून उत्तरे तपासण्यापर्यंतचे सारे काम स्वयंसेवकांनी करावे, असा विषय जळगाव-धुळ्याकडे निघाला की लगेच विचारणा होते, "पैसा कोण देणार?" कुणीतरी म्हणतो, "एखादा मोठा दाता गाठा." मला अशा वेळी अंताजी दामोदर काळे आठवतात.

काळ्यांनी ‘पैसा फंड’ काढला. देशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या काळी रुपयाचे 64 पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला 64 माणसांना भेटायचे, त्यांना हेतू समजावून सांगायचा. टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तरुण मुले काचकाम शिकली. वर्गणीने कारखान्याबरोबर कारागीरही दिले.

मोठ्या दात्याचे महत्त्व खानदेशाला सांगायला नको. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर 1916 मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून आकाराला आले. पण दुसरे उदाहरणही इथलेच. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेले कागद विखुरले असते. 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात स्थापन झाले म्हणून ते टिकले. विद्येचे काम चालू ठेवायला ते आपले मानणारी माणसे लागतात.

आता स्पर्धेकडे वळू. शाळकरी मुलांचे पहिले आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड 1989 मध्ये बल्गेरियात झाले. भारत त्यात 2002 पासून उतरला. आपल्याकडच्या निवडीची पहिली पायरी, म्हणजे विभागीय परीक्षा, कागद-पेन्सिलीवर आखली गेली. कोडे सोडवायची रीत मुलाला सुचते का, एवढेच तिथे पाहायचे. शाळेत संगणक नाही म्हणून मूल मागे पडू नये, यासाठी ही फार शहाणी व्यवस्था आहे. आपणही पहिली फेरी तशीच घ्यावी आणि निवडक मुलांपुरती दुसरी फेरी एखाद्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात, रविवारी.

मग खर्च कशाचा? छपाईचा, जेवणाचा आणि मुख्य म्हणजे एसटीच्या तिकिटांचा. स्वयंसेवक आपला वेळ फुकट देईल; पण साक्रीच्या किंवा चोपड्याच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीचे आणि तिच्यासोबत येणाऱ्या पालकाचे भाडे वेळेने फिटत नाही. ते जमले नाही, तर शहरातल्या चार शाळांचीच स्पर्धा होईल. ज्यांच्यासाठी ती हवी, तीच मुले घरी राहतील.

म्हणून मी छोट्या वर्गणीच्या बाजूचा आहे. एकाच दात्यावर उभी असलेली स्पर्धा त्याचे लक्ष दुसरीकडे वळले की बंद पडते. शंभर दुकानदार, शिक्षक, शेतकरी थोडे थोडे देतील, तर त्यातले दहा गळले तरी बाकीचे राहतात. मात्र मागणाऱ्यानेही पथ्य पाळावे. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लावावा आणि देणाऱ्याच्या मुलाला एकही गुण जास्त देऊ नये.

वर्गणी दिलेला माणूस पुढच्या वर्षी विचारतो, "काय हो, आपल्या गावातून यंदा किती मुले बसली?" हा प्रश्न विचारणारी माणसे जोडायची, तर आजही दारोदार जावे लागेल.