आरोग्याच्या माहितीवर विश्वास ठेवायचा, तो कशाच्या आधारावर?

हल्ली बरेच पेशंट रिपोर्टच्या फाइलबरोबर मोबाइलही पुढे करतात. "डॉक्टर, बीपीच्या गोळीने किडनी खराब होते असं यात लिहिलंय. खरं का?" असं विचारलं तर उत्तमच. काळजी वाटते ती न विचारता गोळी बंद करणाऱ्यांची. कारण किडनीला धोका असतो तो आटोक्यात नसलेल्या बीपीचा. काही बीपीच्या गोळ्या तर मधुमेहींची किडनी जपण्यासाठीच दिल्या जातात.

मग वाचलेली माहिती विश्वासाची आहे की नाही, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर उत्तरही सापडतं.

सप्टेंबर १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे इंटरनेट आणि आरोग्यसेवा या विषयावर एक परिषद झाली. त्यातून 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये तिने आरोग्यविषयक संकेतस्थळांसाठी आठ नियमांची आचारसंहिता काढली. लेखकाची पात्रता सांगा, संदर्भ आणि तारीख द्या, दाव्याला पुरावा द्या, पैसा कुठून येतो ते उघड करा, जाहिरात आणि मजकूर वेगळे ठेवा, वाचकाची खासगी माहिती जपा, संपर्काचा पत्ता द्या आणि ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक आहे, पर्याय नाही, हे लक्षात ठेवा. नियम पाळणाऱ्या संकेतस्थळांना तपासणीनंतर संस्थेचा शिक्का मिळे.

१९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकाने हीच गोष्ट चार कसोट्यांत मांडली: लेखक कोण, आधार काय, हितसंबंध कोणाचे आणि मजकूर कधीचा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सामान्य लोकांसाठी 'मेडलाइनप्लस' सुरू केलं. तिथे जाहिराती नाहीत. त्यातल्या ज्ञानकोशातील लेखाच्या तळाशी तो कोणत्या तज्ज्ञाने आणि कधी तपासला, हे लिहिलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, तज्ज्ञाने लिहिलं की झालं! पण तसं नाही. त्याच १९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा शोधनिबंध आला. अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवला होता. घाबरून अनेक आईवडिलांनी मुलांना लस देणं टाळलं. पुढे २००४ मध्ये उघड झालं, की लसउत्पादकांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांमार्फत वेकफील्ड यांना पैसे मिळत होते आणि निबंधात त्याचा उल्लेख नव्हता. मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. लेखक डॉक्टर होता, नियतकालिक नामवंत होतं. लपला होता तो एकाच प्रश्नाचा जवाब: पैसा कोणाचा?

शिक्क्यालाही मर्यादा होतीच. संकेतस्थळ नियमाने चालतं एवढंच तो सांगे, त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे असं नव्हे. २०२२ च्या अखेरीस ती संस्थाच बंद झाली. तपासणीचं काम आता बरंचसं तुमच्यावर आलं आहे.

म्हणून पुढचा मेसेज किंवा व्हिडिओ आला की चार प्रश्न विचारा.

१. हे कोणी लिहिलं आणि त्या व्यक्तीचं शिक्षण काय?
२. याला आधार कोणता? 'संशोधनात सिद्ध झालंय' एवढ्याने भागत नाही, कुठलं संशोधन ते कळायला हवं.
३. हे कधीचं आहे? औषधोपचाराचे सल्ले बदलत असतात.
४. यातून कोणाला पैसे मिळतात? लेखाच्या शेवटी काढा किंवा पावडर विकायला असेल, तर सावध व्हा.

फॉरवर्ड होऊन आलेल्या बहुतेक मेसेजना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. हेच प्रश्न माझ्या लेखांनाही लावा, जरूर लावा. चारही उत्तरं समाधानकारक मिळाली, तरी ती माहिती सर्वसाधारण लोकांसाठी असते. तुमचं वय, तुमचा क्रिएटिनिन, तुमच्या इतर गोळ्या तिला माहीत नसतात. तेव्हा वाचा, शंका लिहून आणा, मोबाइलही खुशाल दाखवा. पण विचारेपर्यंत चालू गोळी बंद करू नका.