मामांचा रातांधळेपणा आणि आशेचा इतिहास

आजचा एपिसोड आमच्या बिलोलीतून, आमच्याच घरातून सुरू होतो.

आई सांगते, मामा लहानपणी दिवेलागण झाली की चाचपडत चालायचे. सगळे म्हणायचे, पोरगं रातांधळं आहे, गाजरं खाऊ घाला. पुढे आजूबाजूचंही दिसेना. तिशीत नळीतून बघावं तेवढंच उरलं. आजीनं त्यांना डोळ्यांच्या शिबिरात नेलं. शेजारच्या म्हातारीला ऑपरेशननं दिसायला लागलं, मग माझ्या लेकाला का नाही? डॉक्टर म्हणाले, याला ऑपरेशन नाही.

आजीची आशा खुळी नव्हती बरं का. १९७६ साली सरकारनं अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. शिबिरांत मोतीबिंदू काढून घेतलेली माणसं गावोगाव होती. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी तर मोतीबिंदूच्या लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मोतीबिंदू म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच गढूळ होणं. काच बदलता येते. मामांचा आतला सेन्सर, म्हणजे डोळ्याचा पडदाच, हळूहळू मरत होता.

हा पडदा जिवंत माणसात बघता येऊ लागला तो १८५१ मध्ये, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यात डोकावायचं यंत्र बनवलं तेव्हा. काही वर्षांतच डच डॉक्टर डोंडर्स यांनी या आजाराला नाव दिलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. नाव मिळालं, औषध नाही. शंभरहून जास्त वर्षं तसंच चाललं.

१९९० मध्ये या आजारामागचा एक बिघडलेला जनुक सापडला. मग एकेक करत कितीतरी सापडले. २००१ मध्ये बातमी आली, जन्मापासून जवळजवळ आंधळ्या कुत्र्यांना दिसायला लागलं! त्यांचा आरपीई६५ नावाचा जनुक बिघडलेला होता. शास्त्रज्ञांनी निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चांगला जनुक घालून पडद्याखाली सोडला. हीच युक्ती माणसांत चालली आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत 'लक्सटर्ना' या उपचाराला मंजुरी मिळाली. किंमत? दोन्ही डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर. म्हणजे तेव्हाचे पाच कोटींच्या वर!

आणि तो चालतो फक्त आरपीई६५ बिघडलेल्यांना, तेही पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच.

२०२१ मध्ये आणखी एक दार किलकिलं झालं. शेवाळातल्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचा जनुक एका अंध माणसाच्या डोळ्यात सोडला. खास चष्मा लावून त्याला टेबलावरची वही सापडली. चेहरा नाही, अक्षर नाही. पण वही सापडली.

आता परत घरी. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. तिथं १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे. आनुवंशिक नेत्ररोगांवर संशोधनही होतं. गेल्या वर्षी आम्ही मामांना घेऊन हैदराबाद गाठलं आणि जनुकाच्या तपासणीसाठी रक्त दिलं. रिपोर्ट आला. आरपीई६५ नाही, दुसराच जनुक.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "पोरीचं काय?"

कारण घरात दादासाठी मामांच्याच मुलीचं स्थळ निघालंय. माझे आजी-आजोबाही नात्यातलेच. दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती, दोघांनाही दिसायचं नीट. मामांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. त्यातली एक त्यांच्या मुलीकडे नक्की आहे. तिला आजार नाही. पण दादाकडेही आईकडून एक आली असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका.

आजीला वर्षानुवर्षं लोक म्हणायचे, मागच्या जन्मीचं पाप. ते पाप नव्हतं, हे आता कागदावर आहे. ऐकायला ती नाही.

दादाची तपासणी व्हायचीय. तोवर बोलणी थांबवलीत. मामांना उद्या दिसेल असं मी सांगणार नाही. शंभर टक्के गुण येईल म्हणत कुणी थेंब नाहीतर इंजेक्शन विकत असेल, तर पैसे देऊ नका. पण घरात कुणी संध्याकाळी अडखळत असेल, तर आधी पडदा तपासून घ्या. गाजरांनी भागलं तर उत्तमच. नाही भागलं, तर कोणता जनुक, हे विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडला.