गळालेली ७२ अक्षरे

पूर्व विदर्भात पोर पांढरेफटक पडले की पहिला संशय सिकलसेलचा. गोंदिया जिल्ह्यात आशाताईंपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांना हे नाव ठाऊक आहे, आणि ते असायलाच हवे. पण पोराचे रक्त कमी करणारा दुसराही एक आनुवंशिक आजार आहे: फँकोनी अ‍ॅनिमिया. तो दुर्मीळ आहे, म्हणून गावात त्याचे नाव कोणी घेत नाही. त्याचा माग शंभर वर्षांच्या छापील कागदांत सापडतो. ते कागद क्रमाने लावून पाहिले की शेवटचा धागा परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एका संस्थेत पोहोचतो.

पहिला कागद १९२७ चा. गिडो फँकोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने तीन सख्ख्या भावांची हकीकत जर्मन भाषेत छापली. तिघांचेही रक्त आटत गेले होते. लेखाच्या शीर्षकातच त्याने ‘रक्तचित्र’ आणि ‘प्रकृती’ हे दोन शब्द शेजारी ठेवले. माझ्या मते शोध तिथेच लागला होता. खुजी चण, लहान डोके, त्वचेवरचे काळपट डाग या खुणा आणि आटणारे रक्त एकाच मुळाचे आहे, हे त्याने ओळखले. मूळ कोणते, हे कळण्याची साधने मात्र तेव्हा नव्हती.

१९५९ मध्ये गारिगा आणि क्रॉस्बी यांनी ‘ब्लड’ या नियतकालिकात या रोग्यांच्या कुटुंबांतील ल्युकेमियाचा प्रश्न मांडला. आज आपल्याला माहीत आहे, की फँकोनी अ‍ॅनिमियाच्या रोग्याला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होण्याचा धोका इतरांच्या शेकडो पट असतो. १९६४ मध्ये श्रोडर आणि सहकाऱ्यांना या रोग्यांच्या पेशींत तुटलेली गुणसूत्रे दिसली. रोगाचे निदान त्यातूनच हाती आले. रक्तातील पेशींवर मायटोमायसिन-सी किंवा डीईबी हे रसायन घालायचे. त्याने डीएनएच्या दोन पट्ट्यांत गाठ पडते. निरोगी पेशी ती सोडवतात, या रोग्याच्या पेशींना ते जमत नाही आणि गुणसूत्रे तुटतात. अस्थिमज्जा याच दुबळेपणामुळे थकते आणि कर्करोगही इथूनच उगवतो.

पुढे या रोगाच्या जनुकांचा शोध लागत गेला. पहिले जनुक १९९२ मध्ये हाती आले. २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगामुळे प्रसिद्ध असलेले बीआरसीए-२ याच कुळातले निघाले, आणि २०२० पर्यंत ही संख्या २२ वर गेली.

परळची ती संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आज ती राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे बाबूराव वुंडिंती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतीय रोग्यांच्या ‘फँका’ जनुकात पूर्वी कुठेही न नोंदलेले आठ बदल छापले. पण मला थांबावेसे वाटते ते त्यांच्या २०२० च्या लेखापाशी. तो परदेशी संशोधकांसोबत लिहिलेला आहे आणि त्याचा विषय आहे ‘फँकएल’ हे जनुक. तोवर साऱ्या जगात या जनुकाचे नऊच रोगी नोंदले गेले होते. या एका लेखात १३ आले. त्यांतले १२ भारतातले, एक पाकिस्तानातला, आणि सगळ्यांत बदल एकच. १०९२ व्या अक्षराच्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’.

कागदावर हा बदल निरुपद्रवी दिसतो. बदलाआधीची तीन अक्षरे लायसिन हे अमिनो आम्ल सांगत होती, बदलानंतरचीही लायसिनच सांगतात. अशा बदलाला मुका म्हणतात आणि तपासणीत तो सहज बाजूला पडू शकतो. संशोधकांनी मात्र पेशी जनुकाची जोडणी कशी करते, ते तपासले. ते अक्षर एका तुकड्याच्या अगदी शेवटी बसलेले होते. ते बदलताच पेशीला तुकड्याची हद्द ओळखता येईना आणि सबंध ७२ अक्षरे गळाली. म्हणजे प्रथिनातली २४ अमिनो आम्ले गेली.

सगळ्यांत बदल एकच असण्याचे कारण एक जुना समाईक पूर्वज आहे, असे लेख पुराव्यानिशी सांगतो. याचा एक अर्थ घराघरांत पोहोचायला हवा. नात्यातले लग्न नसले तरी आई आणि बाप दोघेही या बदलाचे वाहक असू शकतात. मूल आजारी होते ते दोघांकडून एकेक सदोष प्रत आली म्हणून. अशा घरात दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. आईच्या पायगुणाला बोल लावणाऱ्यांना या कागदांत कुठेही आधार मिळणार नाही.

निदान वेळेवर होण्याला इथे फार किंमत आहे. अस्थिमज्जारोपणाआधी दिल्या जाणाऱ्या औषधांची नेहमीची मात्रा या मुलांच्या पेशींना सोसत नाही, ती कमी करावी लागते. दाता भाऊ किंवा बहीण असेल, तर त्यांचीही हीच तपासणी आधी करावी लागते.

म्हणून गोंदियातल्या, भंडाऱ्यातल्या, गडचिरोलीतल्या डॉक्टरांना एक विनंती. रक्त कमी असलेल्या, प्लेटलेटही घसरलेल्या मुलाचा सिकलसेलचा अहवाल निगेटिव्ह आला, तर त्याच्या अंगठ्यांत काही दोष आहे का ते पाहा, उंची मोजा, अंगावरचे डाग पाहा. शंका आली, तर गुणसूत्रे तुटण्याची चाचणी लिहून द्या.