कापसाचा मळा आणि द्राक्षांचे मांडव

अमेरिकेतील अर्कान्सास राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या गाळाने सुपीक झालेल्या सखल प्रदेशात, सनीसाइड नावाचा कापसाचा विस्तीर्ण मळा होता. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हापासून तिकडील मळेवाल्यांना मजुरांची विवंचना लागून राहिली होती. मुक्त झालेला कृष्णवर्णीय मजूर आपल्या अटी निमूटपणे मानीत नाही, ही त्यांची तक्रार. आणि त्याच्या जागी युरोपातील गरीब शेतकरी आणून बसवावा, हा त्यांना सुचलेला उपाय.

सनीसाइडचा धनी ऑस्टिन कॉर्बिन हा न्यूयॉर्कचा पेढीवाला व रेल्वेमालक. त्याने रोमचा नगराध्यक्ष राजपुत्र एमानुएले रुस्पोली याच्याशी करार केला, आणि 1895 च्या अखेरीस मार्के, एमिलिया, व्हेनेतो या प्रांतांतील सुमारे शंभर कुटुंबांना घेऊन एक जहाज न्यू ऑर्लीन्स बंदराला लागले. प्रत्येक कुटुंबाला साडेबारा एकर जमीन मिळायची होती; परंतु दर एकरी 160 डॉलर, म्हणजे एकूण 2,000 डॉलर, आणि तेही व्याजासह वर्षानुवर्षे फेडायचे. बी-बियाणे, किराणा, औषध सारे कंपनीच्या दुकानातून उधारीवर. कापूस पिकवायचा शेतकऱ्याने, खातेवही लिहायची मात्र कंपनीने. सावकारी पाशाची ही रीत भारतातील शेतकऱ्याला निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. द्राक्षे, गहू, भाजीपाला यांत हयात घालविलेल्या या लोकांना कापसाची माहितीही नव्हती.

त्यातच 1896 च्या जूनमध्ये कॉर्बिन घोडागाडीच्या अपघातात मरण पावला, आणि वसाहतीचा कर्ताच नाहीसा झाला. पिण्याचे पाणी वाईट, भोवती दलदल. हिवतापाने माणसे, विशेषतः मुले, मरू लागली. हा ताप कसा पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस आढळले ते 20 ऑगस्ट 1897 रोजी. तोवर सनीसाइडच्या कबरी भरू लागल्या होत्या.

1897 च्या आरंभी पिएत्रो बांदिनी नावाचे धर्मगुरू तेथे आले. न्यूयॉर्कमध्ये इटालियन स्थलांतरितांसाठी त्यांनी आधी संस्था चालविली होती. हे लोक येथे राहिले तर जगणार नाहीत, हे त्यांनी ओळखले, आणि 1898 साली सुमारे चाळीस कुटुंबांसह ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ओझार्कच्या डोंगराळ मुलखात गेले. आणखी काही कुटुंबांनी मिसूरी राज्याची वाट धरली. नव्या गावाला अर्कान्सासमध्ये 1686 साली पहिले ठाणे वसविणाऱ्या एनरिको दे तोंती या इटालियन प्रवाशाचे नाव मिळाले, ते टाँटीटाउन.

जमीन खडकाळ, झाडोऱ्याने भरलेली. पण हवा थंड आणि पाणी निर्मळ. आरंभीच्या हिवाळ्यात पुरुष खाणींत व रेल्वेच्या कामावर जात आणि मिळालेल्या मजुरीत जमिनीचे हप्ते भरीत. शेजाऱ्यांचा रोषही सोसावा लागला. तथापि सफरचंदे, स्ट्रॉबेरी, भाज्या आणि द्राक्षे येऊ लागली. येथील मुख्य वाण कॉन्कर्ड, रसासाठी व मुरंब्यासाठी उत्तम; त्यामुळे 1920 च्या दारूबंदीनेही मांडव मोडले नाहीत. उलट त्याच दशकात जवळच्या स्प्रिंगडेल येथे वेल्च कंपनीचा द्राक्षरसाचा कारखाना निघाला. 1909 साली गावाला नगराचा दर्जा मिळाला, आणि बांदिनी पहिले नगराध्यक्ष झाले. 1917 मध्ये ते निवर्तले.

इकडे सनीसाइडवर नव्या चालकांनी इटालियन कुटुंबे आणण्याचे चालूच ठेवले. 1907 मध्ये सरकारतर्फे मेरी ग्रेस क्वाकेनबॉस या महिला वकील चौकशीला गेल्या, तेव्हा कर्जापोटी चाललेली वेठबिगारी त्यांना दिसली. परंतु मळ्याचा एक भागीदार लिरॉय पर्सी हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्नेहातला. शिक्षा कोणालाच झाली नाही. तेच लोक, तेच कष्ट. एकीकडे देणे वाढत गेले, दुसरीकडे मांडव. तेव्हा इटालियन शेतकरी जात्याच उद्योगी म्हणून टाँटीटाउन उभे राहिले, ही नेहमीची स्तुती अर्धीच खरी मानावी लागते.

टाँटीटाउनचा द्राक्षोत्सव दर ऑगस्टमध्ये आजही भरतो. द्राक्षमळे मात्र आता थोडेच उरले आहेत; वेल्चचा कारखाना बंद झाला, आणि स्प्रिंगडेल परिसराची वस्ती शेतांवर पसरत आली आहे. सनीसाइडहून सारेच गेले नव्हते. काही कुटुंबे जवळच्या लेक व्हिलेज गावी स्थिरावली, आणि त्यांचे वंशज अद्याप तेथे आहेत.