मृदेतील जड धातू व जीवाणुसमूह

जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे इ. जड धातू मृदेत साचले असता तेथील जीवाणूंची संख्या, प्रकार व कार्य यांत बदल घडून येतात. जस्त, तांबे व निकेल हे धातू अत्यल्प प्रमाणात जीवाणूंना उपयुक्त असतात. प्रमाण वाढल्यास ते एंझाइमांशी बद्ध होऊन त्यांची क्रिया रोखतात. सेंद्रिय विषांप्रमाणे धातूंचे अपघटन होत नसल्याने त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. या विषयाच्या अभ्यासात इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगास विशेष महत्त्व आहे.

बेडफर्डशर परगण्यातील वोबर्नच्या वालुकामय जमिनीत १९४२ मध्ये रॉदॅमस्टेड संशोधन केंद्राने भाजीपाल्याच्या पिकांवर एक प्रयोग सुरू केला. शेणखत, कंपोस्ट व सांडपाण्याचा गाळ या सेंद्रिय खतांची तुलना करणे, हा त्याचा हेतू होता. धातूंचा विचार त्यात नव्हता. वापरलेला गाळ लंडनच्या पश्चिम भागातील सांडपाण्याचा असून त्यात कारखान्यांतून आलेले धातू होते. १९६१ नंतर गाळ देणे थांबले. धातू मात्र मुख्यतः मशागतीच्या थरातच राहिले.

सुमारे वीस वर्षांनंतर याच वाफ्यांची पुन्हा तपासणी झाली. पी. सी. ब्रुक्स व एस. पी. मॅग्रा यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, गाळ दिलेल्या मृदेतील सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान शेणखत दिलेल्या मृदेच्या जवळजवळ निम्मेच होते. तेथे वाढविलेल्या पांढऱ्या क्लोव्हरचे उत्पन्नही बरेच घटले. त्याच्या मुळांवर गाठी दिसत होत्या, परंतु त्यांत नायट्रोजनाचे स्थिरीकरण होत नव्हते. के. ई. गिलर, मॅग्रा व पी. आर. हर्श यांनी १९८९ मध्ये याचे कारण स्पष्ट केले : ऱ्हायझोबियम जीवाणूंचे प्रभावी वाण मृदेतून नष्ट झाले होते आणि गाठी निर्माण करणारे, पण स्थिरीकरण न करणारे वाण तेवढे तगून राहिले होते. म्हणजेच वनस्पतीपेक्षा तिचा सहजीवी जीवाणू अधिक संवेदनशील ठरला. जर्मनीतील ब्राउनश्वाइक येथील गाळ दिलेल्या मृदांतही या जीवाणूंची संख्या घटल्याचे १९९३ मध्ये आढळले.

काही जीवाणू मात्र प्रतिकारक्षम असतात. बेल्जियममधील एका जस्त-कारखान्याच्या गाळणटाकीत १९७६ मध्ये सापडलेल्या जीवाणूत (क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स) धातू पेशीबाहेर फेकणारी यंत्रणा असून तिची जनुके प्लॅझ्मिडांवर असतात. दूषित मृदेत असे जीवाणू वरचढ होत असल्याने एकूण संख्या टिकून असली, तरी विविधता व विशिष्ट कार्ये लोप पावू शकतात.

यूरोपीय समुदायाने १९८६ मध्ये गाळ वापरावयाच्या मृदेसाठी धातूंच्या मर्यादा ठरविल्या. त्यांत जस्ताची मर्यादा प्रती किग्रॅ. १५० ते ३०० मिग्रॅ., तर कॅडमियमाची १ ते ३ मिग्रॅ. होती. या मर्यादा प्रामुख्याने पिके व अन्नसाखळी यांच्या संरक्षणाच्या दृष्टीने ठरल्या होत्या. वोबर्न येथील कॅडमियमाचे प्रमाण त्यांहून अधिक असले, तरी इतर धातू मर्यादेच्या आसपासच होते. म्हणून ब्रिटनमधील तज्ञ समितीने १९९३ मध्ये मृदेच्या सुपीकतेच्या दृष्टीने जस्ताची मर्यादा ३०० वरून २०० मिग्रॅ.वर आणण्याची शिफारस केली. गाळातील नायट्रोजन व फॉस्फरस पिकांना उपयुक्त असल्याने त्याचा वापर सर्वस्वी टाळणे इष्ट नव्हे. तथापि मृदेत एकदा मिसळलेला धातू काढून घेणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे कारखान्यांचे धातुयुक्त पाणी गटारात सोडण्यापूर्वीच शुद्ध करणे, हाच यावरील खात्रीचा उपाय होय.